पट्टीखालचं कुंकू

डोंगराच्या कुशीत उंबरखोरं नावाचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक राजा होता. हत्तीबित्तीवरचा राजा नव्हे हं. त्याचं संस्थान इतकं लहान, की सकाळी घोड्यावरून निघालं तर दुपारच्या आत ते संपायचं आणि माणूस जेवायला घरी परत यायचा. पण राजा तो राजाच. नाव जगदेवराव. सगळे त्यांना सरकार म्हणत.

सरकारांकडे वडिलांच्या वेळची एक विलायती रायफल होती. चापाखाली तिला लोखंडी कडी होती. ती कडी खाली ढकलून वर घेतली, की रिकामी पुंगळी वरच्या बाजूनं टणकन उडायची आणि नवी गोळी नळीत बसायची. गावात तिला 'कडीवाली' म्हणत.

कडीवालीला वर्षातून एकच मोठं काम असायचं. दसऱ्याला ओढ्यापलीकडच्या चिंचेला हळदीच्या पाण्यानं भरलेलं मडकं टांगायचं. देवीच्या देवळाच्या पायरीवरून, सव्वाशे पावलांवरून, सरकारांनी ते गोळीनं फोडायचं. मडकं फुटलं, पिवळं पाणी सांडलं, की सोनं लुटायचं. तोवर आपट्याच्या पानाला कोणी हात लावायचा नाही.

मडक्याच्या उजव्या अंगाला तीन हातांवर एक माणूस निशाण धरून उभा असायचा. मडकं फुटलं की त्यानं निशाण हलवायचं. हा मान नाईकांच्या घराण्याचा. त्या वेळी तो गेनू नाईकाकडे होता. जिथं जिवाला धोका असतो, तिथं आपल्याकडे मान फार मोठा असतो.

तर झालं काय, एका दसऱ्याला सरकारांच्या दोन गोळ्या वाया गेल्या. तिसरी मडक्याच्या दोरीला लागली. मडकं खाली पडून फुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वाऱ्याला नावं ठेवली. त्या दिवशी वारा नव्हता.

"कडीवाली म्हातारी झाली," सरकार म्हणाले.

"झालीच आहे," सगळे म्हणाले.

शिलेखान्याचा कारागीर दस्तगीर शिकलगार मात्र काही बोलला नाही. संस्थानातल्या तलवारी, भाले आणि बंदुका त्याच्या घराण्याकडे तीन पिढ्या होत्या. शिलेखान्याची किल्ली त्याच्या कमरेला असायची. कडीवाली त्यानं स्वतः तपासली होती. ती ठणठणीत होती. सरकारांना हल्ली पत्र वाचताना कागद नाकाजवळ धरावा लागतो आणि चिंचेवरचं माकड दिसतच नाही, हेही त्यानं पाहिलं होतं. पण एवढं सगळं सांगायचं कशाला? त्यानं एवढंच सुचवलं, "सरकार, दुर्बीण बसवू. लांबचं जवळ दिसेल."

सरकारांना ते पटलं. दुर्बीण म्हटलं की डोळ्यांची गोष्ट निघत नाही, विलायतीपणाची निघते.

दुर्बिणीचं पार्सल शहरातून यायला उशीर झाला. आलं ते थेट पुढच्या वर्षीच्या अष्टमीला, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. त्यात दुर्बीण होती आणि तीन पट्ट्या होत्या. दुर्बीण काही बंदुकीवर नुसती बसत नाही. आधी बंदुकीला एक पट्टी पेचांनी आवळायची आणि त्या पट्टीवर दुर्बीण चढवायची. हल्लीची मुलं तिला रेल म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाडी येणार आहे.

तीनपैकी एक निवडायची होती.

पहिली पट्टी पितळेची. वर वेलबुट्टी, टोकाला मोराचं तोंड. ती बंदुकीच्या डोक्यावर मधोमध बसायची. कारभारी विसाजीपंतांनी ती उचलली आणि म्हणाले, "वा! ही राजाची पट्टी."

दुसरी चकचकीत, पांढऱ्या मुलाम्याची. तीही मधोमधच बसणारी.

तिसरी काळी, लोखंडी, काटकोनात वाकवलेली. ती बंदुकीच्या डाव्या कुशीला बसायची आणि दुर्बीण डोक्यावरून थोडी बाजूला धरायची. दिसायला अगदी दाराच्या बिजागरीसारखी.

"ही," दस्तगीर म्हणाला.

"बिजागरी?" सरकार म्हणाले.

"हो सरकार."

"का? मोर काय वाईट आहे?"

खंडेनवमीची पूजा होईपर्यंत शस्त्राला कानस किंवा पेचकस लावायचा नाही, असा तिथला नेम होता. म्हणून दस्तगीरनं मोराची पट्टी आणि तिच्यावर दुर्बीण सुतळीनं बांधून दाखवली. रिकामी पुंगळी आत घातली आणि कडीला हिसका दिला. पुंगळी वर उडाली, दुर्बिणीच्या पोटावर आपटली आणि परत आत पडून आडवी अडकली. दस्तगीरनं दुसऱ्यांदा हिसका दिला. या वेळी ती उसळली आणि विसाजीपंतांच्या पगडीत जाऊन बसली.

"ही रिकामी होती आणि थंड होती," दस्तगीर म्हणाला. "खरी गरम असते. आणि पगडी नसली तर डोळ्यात जाते."

विसाजीपंतांनी पगडी उतरवून झटकली.

मग त्यानं पांढरी पट्टी बंदुकीवर ठेवून उजेडाकडे धरली. पट्टीच्या पोटाचा बाक आणि बंदुकीच्या पाठीचा बाक जुळत नव्हता. दिवाळीच्या चिरोट्याच्या पापुद्र्यांतून दिसावा तसा मधून उजेड दिसत होता. शेवटी काळी पट्टी डाव्या कुशीला टेकवली. उजेड दिसेना. कडी ओढली, पुंगळी मोकळी उडून अंगणात पडली.

सरकारांनी बंदूक खांद्याला लावून पाहिली. "हिला डोळा लावायला मान वाकडी करावी लागते."

"मान वाकडी चालेल, सरकार. गोळी सरळ हवी."

राजाशी असं कोणी बोलत नसे. मग सरकारच हसले आणि म्हणाले, "बसव तुझी बिजागरी."

दस्तगीर त्या दिवशी घरी गेला तो छाती पुढे काढूनच. बायकोला, हुसेनबीला, त्यानं सगळी हकिकत दोनदा सांगितली. दुसऱ्या वेळी पुंगळी विसाजीपंतांच्या पगडीतून आरपार गेली होती.

"तोंडावर खरं बोलायला जिगर लागते," तो म्हणाला.

"लागते तर," हुसेनबी म्हणाली. "आता हात धुवा आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शिलेखान्यासमोर सगळी शस्त्रं मांडली. तलवारींना झेंडूच्या माळा घातल्या. सरकारांच्या मातोश्री, आईसाहेब, पूजेला आल्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत वाकलेल्या, पण बोट मात्र एकदम ठाम. तेलात कालवलेलं हळदकुंकू त्या प्रत्येक शस्त्राला स्वतःच्या हातानं लावायच्या. कडीवालीजवळ आल्या. इतकी वर्षं त्या तिच्या लाकडी दस्त्याला कुंकू लावायच्या. आज ती उलटी ठेवली होती, डावी कूस वर करून. आईसाहेबांनी पाच बोटं भरून कुंकू घेतलं आणि नेमकं त्या कुशीवर, लोखंडावर, जिथं पट्टी बसायची तिथंच, छान जाडसर चोपडलं.

आता हे कुंकू म्हणजे साधं नव्हे. सगळ्या संस्थानाला एक गोष्ट ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वी खंडेनवमीला थोरल्या सरकारांच्या, म्हणजे आईसाहेबांच्या यजमानांच्या, तलवारीचं कुंकू कोणीतरी चुकून पुसलं होतं. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, थोरले सरकार घोड्यावरून पडले आणि गेले. तेव्हापासून शस्त्राचं कुंकू दसरा उलटेपर्यंत कोणी पुसायचं नाही, असा दंडकच पडला होता.

पूजा आटोपली. सगळे प्रसाद घेऊन गेले. दस्तगीर कडीवाली घेऊन वाड्याच्या ओसरीवर बसला. समोर पट्टी, पेच, पेचकस, कानस. आणि कुशीवर बोटभर लाल थर.

पट्टी बसवण्याआधी लोखंड कोरडं ठणठणीत करावं लागतं. तेलाचा थेंब नको, धुळीचा कण नको. लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे. हे दस्तगीरला त्याच्या वडिलांनी कान पिळून शिकवलं होतं. त्यानं रॉकेलची चिंधी हातात घेतली, कुंकवापर्यंत नेली आणि थांबला.

आईसाहेब आतच होत्या. माजघरात, वीस पावलांवर. जाऊन विचारता आलं असतं. 'आईसाहेब, इथलं कुंकू पुसू का?' एवढंच.

पण त्याला थोरले सरकार आठवले. घोडा आठवला. उद्या काही बरंवाईट झालं तर लोक म्हणतील, शिकलगारानं कुंकू पुसलं. आणि आईसाहेबांना विचारायचं म्हणजे त्यांच्या सगळ्यात जुन्या दुःखाला हात घालायचा. नको बाबा. मोराबद्दल राजाशी बोलणारा माणूस इथं गप्प बसला.

त्यानं स्वतःची समजूत घातली. थर कितीसा? आवळला की कागदासारखा होईल. पेच पक्के आहेत ना?

बाकी काम त्यानं चोख केलं. एक पेच अर्धा आटा लांब होता, आतल्या भागाला टेकला असता. तो कानशीनं घासला. दोन्ही पेच आळीपाळीनं, थोडे थोडे आवळले. वर दुर्बीण चढवली. पण चिंधी मात्र तशीच खुंटीला टांगली.

त्याला हसायचं मला तोंड नाही. आमच्या शेगडीच्या बटणावर सासूबाईंनी पाडव्याला हळदीकुंकवाची बोटं उमटवली होती. बटण चिकट होऊन अडकायला लागलं. चार महिने मी पक्कडीनं गॅस लावला, पण 'पुसू का' असं काही विचारलं नाही. शेवटी सासूबाईच एके दिवशी म्हणाल्या, "अगं, घरात फडकं नाही का?"

दुपारी सरकारांनी तीन गोळ्या झाडून पाहिल्या. तिन्ही गोळ्या खडूच्या गोलात. सरकार खूश. विसाजीपंतसुद्धा म्हणाले, "बिजागरी बरी आहे."

घरी हुसेनबीनं विचारलं, "नीट बसली का पट्टी?"

"बसली."

"आज पूजा होती ना? कुंकू होतं का वर?"

दस्तगीर पाणी प्यायला लागला. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायला.

"घासल्याशिवाय कल्हईसुद्धा धरत नाही," ती म्हणाली. "मला कोणी शिकवलं हे?"

"तीन गोळ्या बरोबर लागल्या," तो म्हणाला. विषय संपला. म्हणजे बोलणं संपलं. विषय तसाच राहिला.

दसरा उजाडला. आभाळ निरभ्र, ऊन कडक. वाजतगाजत कडीवाली निघाली. मखमलीच्या गादीवर तिला आडवं ठेवलं होतं, डावी कूस वर. शेजारून दस्तगीर चालत होता. तो त्याचा मान.

अर्ध्या वाटेत एक बाई ओरडली, "अगंबाई! ते बघा!"

काळ्या पट्टीच्या खालून एक लाल रेघ ओघळत होती. बारीक, ओली, चकाकणारी. बंदुकीच्या कुशीवरून ती हळूहळू खाली येत होती.

"कौल!" विसाजीपंत म्हणाले आणि त्यांनी हात जोडले. "देवीनं कौल दिला!"

मग काय विचारता. बायकांनी खणानारळ आणले. लोक गादीला हात लावून कपाळाला लावू लागले. वाजंत्री दुप्पट जोरात वाजू लागली. सरकारांचे डोळे भरून आले.

दस्तगीरला मात्र कौलाचा अर्थ कळला होता. उन्हानं तेल पातळ झालं होतं. थर पट्टीखालून बाहेर येत होता. म्हणजे पेच ज्याला आवळून बसले होते, तेच निघून चाललं होतं. त्यात कालच्या तीन गोळ्यांचे हिसके. त्यानं फुलं सारखी करण्याच्या निमित्तानं हात पुढे केला आणि पट्टीला हळूच नख लावलं.

पट्टी हलली. पुढचं टोक केसभर बाहेर, डावीकडे झुकलं होतं; म्हणजे दुर्बीण मडक्यावर धरली की नळी उजवीकडे वळणार.

बंदुकीजवळ केसभर म्हणजे चिंचेजवळ किती, हा हिशोब त्याला करावा लागला नाही. त्यानं नुसतं ओढ्यापलीकडे पाहिलं. मडकं टांगलं होतं. मडक्याच्या उजवीकडे तीन हातांवर गेनू नाईक उभा होता. लाल पागोटं, हातात निशाण. लहानपणी दोघं त्याच ओढ्यात खेकडे पकडायचे. गेनूनं लांबूनच त्याला हात केला.

सरकार पायरीवर आले. कडीवाली उचलली. कडी ओढली, गोळी आत बसली. त्यांनी मान वाकडी करून दुर्बिणीला डोळा लावला. वाजंत्री थांबली.

आता दस्तगीर बोलला नसता तरी त्याच्यावर काहीच आलं नसतं, बरं का. देवीचा कौल होता. पुढं जे झालं असतं ते देवीच्या नावावर गेलं असतं.

तो सरकारांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"सरकार, बंदूक खाली करा."

सरकारांनी नळी खाली केली. "काय झालं?"

"पट्टी सैल आहे."

"कौल झालाय, दस्तगीर," विसाजीपंत पुढे झाले. "अशा वेळी अभद्र बोलू नये."

"कौल नाही पंत. माझी चूक आहे ती. काल मी कुंकवावरच पट्टी बसवली. आधी पुसायला हवं होतं. पुसलं नाही."

गर्दीत कुजबुज झाली. सरकारांचा चेहरा लाल झाला. "तू? परवा मला मोर नको म्हणून सांगणारा तू?"

"हो सरकार. राजासमोर बोललो. कुंकवासमोर नाही बोलता आलं." त्यानं कमरेची किल्ली काढली आणि पायरीवर ठेवली. "ही घ्या. पण गोळी झाडू नका. तिकडे गेनू आहे."

"हा शकुनाचा अपमान आहे," विसाजीपंत म्हणाले. "कौलानंतर गोळी चुकत नसते."

एव्हाना काय गडबड आहे ते बघायला गेनू ओढा ओलांडून अलीकडे आला होता. त्यानं सगळं ऐकलं. मग निशाण विसाजीपंतांच्या पुढे धरलं. "पंत, कौल एवढा पक्का असला तर आजचा मान तुम्ही घ्या. मी हितं थांबतो."

विसाजीपंतांना अचानक आठवलं, की त्यांना ऊन सोसत नाही.

गर्दीत हसू फुटलं, पण सरकार हसले नाहीत. ते आईसाहेबांकडे बघत होते. सगळेच बघत होते. त्या देवळाच्या खांबाला टेकून बसल्या होत्या.

"दस्तगीर," त्या म्हणाल्या. "इकडे ये. पुसलं का नाहीस?"

"थोरल्या सरकारांचं... ते सगळ्यांना ठाऊक आहे, आईसाहेब."

"मला येऊन विचारलं का नाहीस?"

त्यानं पायरीवरच्या किल्लीकडे पाहिलं.

आईसाहेबांनी एकवार सरकारांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "यांच्या तलवारीचं कुंकू पुसलं गेलं, ते खरं. पण हे पडले ते खोगिराचा पट्टा सैल होता म्हणून. घोडा सांभाळणारा मोतद्दार घाईत आवळायला विसरला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या पायाशी येऊन रडला. त्याची पाच पोरं होती. त्याचं नाव निघालं असतं तर लोकांनी त्याला जिवंत ठेवलं नसतं. लोक कुंकवाचं नाव घेत होते. मी घेऊ दिलं. त्याचं त्यात भलं झालं, म्हणून मी गप्प राहिले. तो गेला, त्यालाही दहा वर्षं झाली. तरी गप्पच."

सरकार उभेच होते. तीस वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं, एक जीव वाचवला," आईसाहेब म्हणाल्या. "आज माझ्या त्या गप्प बसण्यानं दुसरा गेला असता." मग त्या गेनूकडे वळल्या. "गेनू, तुझं पागोटं तिथं काठीला अडकवून ये. तू उभा राहतोस तिथंच. आणि मग इकडे माझ्याजवळ बस. जगदेव, मडक्यावर नेम धर आणि झाड गोळी. बघू दे सगळ्यांना."

गेनूनं चिंचेशेजारी काठी रोवली, तिच्यावर लाल पागोटं ठेवलं आणि तो परत आला. सरकारांनी मान वाकडी केली, मडक्यावर नेम धरला आणि चाप ओढला.

मडकं जागचं हललं नाही. पागोटं उडालं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गेनू तिकडे गेला, पागोटं घेऊन आला आणि त्याच्या भोकातून बोट घालून दस्तगीरला दाखवलं. "दस्तगिरा, पुढच्या वेळी चूक सांगायची असली, तर जरा घरूनच सांगून निघत जा."

मग हसला.

"पेचकस आण," सरकार दस्तगीरला म्हणाले.

दस्तगीर देवळाच्या पायरीवर मांडी घालून बसला. त्यानं आधी बंदूक रिकामी केली. दुर्बीण उतरवली, पट्टी सोडली. खाली लाल चिखल झाला होता. त्यानं रॉकेलची चिंधी हातात घेतली आणि सवयीनं पुन्हा थांबला.

आईसाहेबांनी त्याच्या हातातून चिंधी घेतली. कडीवालीच्या कुशीवरचं कुंकू त्यांनी स्वतः पुसलं. कोपऱ्याकोपऱ्यातून, नखानं खरवडून. मग आपल्या बोटाला राहिलेला लाल ठिपका त्यांनी गेनूच्या कपाळाला लावला. "कुंकू हे माणसासाठी असतं. लोखंडाचं काय करायचंय त्याला?"

दस्तगीरनं लोखंड कोरडं केलं. उजेडाकडे धरून पाहिलं. पट्टी टेकवली. पेच आळीपाळीनं आवळले. नख लावलं, मग अंगठा लावला, मग पट्टी धरून अख्खी बंदूक उचलली. काही हललं नाही. डोंगराच्या कड्यावर चुन्याचा ठिपका करून सरकारांनी गोळ्या झाडल्या, दस्तगीरनं दुर्बीण फिरवून नेम जुळवला. या सगळ्यात तास गेला. मुहूर्त टळला. देवी काही रागावलेली दिसली नाही. पोरं तेवढी भुकेनं रागावली.

"सरकार," एका चिमुरडीनं मधेच विचारलं, "तुम्हाला दुर्बीण कशाला लागते?"

विसाजीपंत तिला गप्प करायला निघाले होते. सरकारांनी त्यांना थांबवलं. एकदा आईकडे पाहिलं, एकदा दस्तगीरकडे.

"मला लांबचं दिसत नाही, बाळ," ते म्हणाले. "गेल्या वर्षीपण दिसत नव्हतं. वारा नव्हता."

एवढं बोलून त्यांनी बंदूक खांद्याला लावली. चिंचेजवळ या वेळी कोणी नव्हतं. एकच गोळी सुटली. मडकं फुटलं आणि पिवळं पाणी उन्हात सांडलं. निशाण हलवायला तिथं माणूस नव्हता, पण मडकं फुटलेलं सगळ्यांना अलीकडूनही दिसलं. इतकी वर्षं ते दिसतच होतं. तेव्हापासून उंबरखोऱ्यात निशाणाचा मान ओढ्याच्या अलीकडे असतो.

लोक सोनं लुटायला पळाले. किल्ली अजून पायरीवर पडली होती. सरकारांनी ती उचलून दस्तगीरच्या हातात दिली.

"चूक झाकणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "हलणारी पट्टी दाखवणारा एकच आहे. जा, आधी घरी सांगून ये. हुसेनबीला कळायच्या आत."

तिला आधीच कळलं होतं. ती दारात फडकं घेऊन उभी होती.

पुढच्या खंडेनवमीला शस्त्रं पुन्हा मांडली. आईसाहेब कुंकवाची वाटी घेऊन कडीवालीजवळ आल्या. बोटं बुडवली. पण ती टेकवायच्या आधी त्यांनी मान वर केली.

"दस्तगीर, कुठं लावू रे?"

"दस्त्याला, आईसाहेब," तो म्हणाला. "लाकडावर."

तात्पर्य: जे विचारायला आपण भितो, त्याच्या थरावर बसवलेलं काहीच घट्ट राहत नाही, म्हणून वेळेवर विचारावं, आणि वेळ चुकली तर गोळी सुटायच्या आत तरी 'चूक माझी' म्हणावं.